कॉरिगन गॅपच्या त्रेपन्न खुर्च्यांची बखर

श्री.

अखंड-पिरोगी-अलंकृत, सकल-बिंगो-मंडित, कॉरिगन गॅप अग्निशामक मंडळाच्या महिला शाखेतील समस्त वडीलधाऱ्या बायांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. आपण आज्ञा केली की, लॅम्पलायटर्स पलटणीवर जो कठीण प्रसंग गुदरला आणि त्यातून ती कैसी तगली, त्याचे वर्तमान मुळापासून लिहून ठेवावे, कारण ज्यांनी पाहिले ती माणसे एकेक करून उठून चालली, आणि नव्यांस वाटते की पलटण पहिल्यापासून अशीच भरलेली होती. त्यावरून आज्ञा शिरसावंद्य मानून, ज्यांनी पाहिले त्यांस पुसून, ज्यांनी पाहिले नाही परंतु सांगण्याची हौस धरली त्यांसही पुसून, आणि दोहोंत जे जुळले तेवढे घेऊन ही हकीकत लिहिली आहे. उणे-अधिक असेल ते पदरात घ्यावे.

पेनसिल्व्हेनिया प्रांती, कोळशाच्या डोंगरांमध्ये, कॉरिगन गॅप नामे कसबा. तेथील खाणकामगारांच्या पोरांनी इसवी सन एकोणीसशे एकावन्नात ढोल आणि बिगुल यांची पलटण उभारली, आणि तिचे नाव लॅम्पलायटर्स, म्हणजे दिवे लावणारे, ऐसे ठेविले. पितळी बिगुल आणि ढोल याखेरीज तिसरे वाद्य पलटणीत घेणे नाही, हा पहिला कायदा. आणि आठ रांगा, रांगेत आठ, ऐसे चौसष्ट असामी, ज्याची जागा त्याची, हा दुसरा. टोपांवर पांढरे तुरे, अंगात काळे डगले, डगल्यांवर पिवळ्या फिती, आणि आघाडीस निळा जरीपटका, त्यावर सोनेरी दिवा कशिदलेला. ही फौज रस्त्याने चालली म्हणजे तावदाने थरथरत आणि कुत्री पलंगाखाली शिरत. आसपासच्या गावांच्या पलटणी त्यांच्यापुढे शिकस्त खाऊन माघारी गेल्या, आणि जाताना लॅम्पलायटर्सच्या बिगुलवाल्यांशी सोयरिकी जमवून गेल्या. तो डौल ज्यांनी पाहिला, त्यांस पुढे कशातच डौल दिसला नाही.

मग काळ फिरला. खाणी बंद पडल्या, सदरे शिवण्याचे कारखाने बंद पडले, आणि मंडळी न्यू जर्सीस गेली, फ्लोरिडास गेली, कित्येक तर टेकडीवरच्या दफनभूमीत कायमचे मुक्काम करून राहिली. ऐसे होता होता इसवी सन दोन हजार चौदा उजाडले, तेव्हा पलटणीत अकरा असामी शिल्लक होते. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ते अकरा जण एकमेकांस चिकटून मिरवणुकीत निघाले, आणि मागून येणाऱ्या अग्निशामक गाडीच्या चालकाने त्यांस रस्ता ओलांडणारी मंडळी समजून भोंगा वाजविला. इतका अपमान पलटणीच्या इतिहासात दुसरा नाही.

त्याच आठवड्यात अग्निशामक मंडळाच्या सभागृहाचे अध्यक्ष, राजमान्य क्लाइड युरिक, यांचा हुकूम सुटला तो येणेप्रमाणे: सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगारदिनाच्या मिरवणुकीत, पलटणीने चौसष्टांच्या नकाशाच्या निम्मे, म्हणजे बत्तीस असामी, रांगांत उभे करून दाखवावे. बत्तीस भरल्यास सभागृहातील बिगुलखाना पूर्ववत त्यांचा. एक जरी उणा पडल्यास जरीपटका घडी करून काचेच्या कपाटात ठेवावा, आणि बिगुलखान्यात पिरोगीचा नवा फ्रीझर बसवावा. क्लाइडसाहेब मनाचे वाईट नव्हते. दर शुक्रवारी अर्धा कसबा बटाट्याच्या पिरोगीसाठी, म्हणजे पोलिश चालीच्या उकडलेल्या करंज्यांसाठी, दाराशी रांग लावी, जुना फ्रीझर रडतखडत चाले, आणि अकरा माणसांसाठी एवढी मोठी खोली अडवून ठेवावी हे त्यांच्या हिशेबी मनास पटेना.

कपाटास आतून अस्तर हवे म्हणोन लाल मखमलीचे ठाण जेनेविव्ह माटुलेविचबाईंकडे पाठविले. या बाई म्हणजे पलटणीच्या जामदार. डगले, टोप, तुरे, बिगुल, सर्व त्यांच्या कुलपात. वय चौऱ्याहत्तर, सारा कसबा त्यांस जेनी म्हणे. मुलगी असता त्या स्वतः बिगुल वाजवीत; पुढे लग्न होऊन सुई हाती घेतली, आणि पन्नास वर्षे मिरवणुकीच्या कडेने पाण्याची पिशवी आणि शिवणाचा डबा घेऊन चालत आल्या, म्हणोन त्या कधी मोजणीत धरल्या गेल्या नाहीत. बाईंनी मखमल पाहिली, हाताने कुरवाळली, कात्री उघडली, पुन्हा मिटली, आणि ठाण खुर्चीवर टाकून त्यावर बसून राहिल्या.

मग सभागृहाच्या तळघरात कोबी-शेवयांची परात मध्ये ठेवून खलबत बसले. पलटणीचे सरनौबत रेजिस हुडाक, हातात चांदीची मूठ असलेली काठी, मिशा पांढऱ्या, स्वभाव तापट. त्यांचे म्हणणे पडले की, नवी माणसे येईतो निदान लाज राखावी. चौसष्टांचा नकाशा गुंडाळून ठेवावा आणि रांगा आवळाव्या, म्हणजे अकरा तरी अकरा दिसतील.

जेनीबाई बोलिल्या, "आवळायच्या म्हणजे काय रे, रेजिस? स्वेटर आहे का तो?"

रेजिस म्हणाले की आता तेथे कोणी उभे राहत नाही.

"राहत नाही, पण जागा आहे ना? माणूस गेला म्हणून त्याची जागा दुसऱ्यांनी खाऊन टाकायची?"

बाई ऐसे का बोलिल्या हे खलबतातील सर्वांस ठाऊक होते, म्हणोन सर्वांनी शेवयांत तोंड घातले. तिसऱ्या रांगेतील सहावी जागा त्यांचे यजमान स्टॅश माटुलेविच यांची. बिगुल संपून ढोल सुरू होतात त्या सांध्यावर स्टॅश खर्जाचा मोठा बिगुल घेऊन चाळीस वर्षे उभे राहिले, आणि त्यांस जाऊन सहा वर्षे झाली होती. रांग आवळली की ती जागा बुजणार. जरीपटका कपाटात जाणे हा एक घाव. परंतु तिसऱ्या रांगेत पाचव्याच्या खांद्यास सातव्याचा खांदा लागणे, हे बाईंस त्याहून असह्य होते.

आता या कसब्याचा एक कायदा सांगितला पाहिजे, जो कोणत्याही दप्तरी नाही आणि कोणी मोडीतही नाही. हिवाळ्यात कंबरभर बर्फ पडते, मग माणूस दोन तास फावडे मारून घरापुढे आपल्या गाडीपुरती जागा मोकळी करितो, आणि कामास जाताना तेथे स्वयंपाकघरातील एक खुर्ची ठेवून जातो. खुर्ची आहे तोवर त्या जागी दुसऱ्याने गाडी लावणे नाही, मग तो सगा भाऊ असो की फौजदार. मागे एका नव्या पाद्रीबाबांनी अज्ञानाने एक खुर्ची बाजूस सारून गाडी लाविली, तर त्यांची प्रवचने वसंत ऋतूपर्यंत रिकाम्या बाकांनी ऐकिली.

जेनीबाईंनी हाच कायदा मैदानात आणिला. दुसऱ्या रविवारी दुपारी सभागृहामागच्या फरसबंदीवर खडूने नकाशा आखिला, जे अकरा होते त्यांस आपापल्या ठिकाणी उभे केले, आणि उरलेल्या त्रेपन्न जागी त्रेपन्न खुर्च्या मांडिल्या. बावन्न खुर्च्या बिंगोच्या, घडीच्या, पत्र्याच्या. त्रेपन्नावी स्टॅशची, अंगणात बसायची, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, जिचे पट्टे बाईंनी तीनदा शिवून बसविले होते. ती तिसऱ्या रांगेत सहावी गेली. सरनौबतांनी कपाळास हात लाविला, आणि मग काठी उचलून खुर्च्यांवर हुकूम सोडिले.

परंतु फौज वाढावयाची तर हत्यारे हवीत. पलटण ओसरली तेव्हा जाणाऱ्याने आपला बिगुल घरी नेला, आणि घरी नेलेल्या बिगुलाचे काय करावे हे न सुचून ज्याने त्याने त्याचा दिवा केला. भोंगा खाली, मुखनळी काढून तेथे बल्ब, वर झालरीची टोपी, ऐसे दिवे कसब्यात घरोघरी. बाईंनी फर्मान काढिले की पलटणीचा एकही बिगुल दिवा म्हणोन राहता नये, आणि सरनौबतांस बरोबर घेऊन गल्लोगल्ली स्वारी केली. बहुतेकांनी निमूटपणे दिवे विझवून दिले. फक्त अकरांपैकीच एक, टेडी ब्रेनन, यांचे घरी मोठी लढाई जाहली. त्यांच्या बायको रोझली यांनी दिव्यास मिठी मारिली आणि याच उजेडात आपण वर्तमानपत्र वाचतो असे निक्षून सांगितले. दोन प्रहरांच्या वाटाघाटीनंतर तह ठरला तो ऐसा की, वाजविण्याचे दिवस सोडून बाकीच्या दिवशी बिगुलाने घरी येऊन उजेड द्यावा. तो तह आजतागायत पाळला जातो.

ऐसे एकोणीस बिगुल हस्तगत झाले, आणि बाईंनी जामदारखान्याच्या वहीत एकोणीस लिहिले. विसावा बाईंच्या स्वतःच्या बैठकीत खिडकीपाशी होता. तो स्टॅशचा. त्याच्या नळ्यांभोवती तार त्यांनीच डाग देऊन बसविली होती. गावभर दुसऱ्यांचे दिवे विझवून बाई घरी येत, आणि आपला लावीत.

जून महिन्याच्या तिसऱ्या रविवारी जो रणसंग्राम जाहला त्याची हकीकत ऐसी. गेल्या दहा वर्षांत महामार्गाकाठी मोठमोठी गोदामे उभी राहिली, त्यांत कामास डोमिनिकन मंडळी न्यूयॉर्काहून येऊन कसब्यात राहिली होती. त्यांनी बंद पडलेली दुकाने उघडिली, रिकाम्या घरांत पाळणे हलविले, आणि जुन्या चर्चमध्ये दुपारची प्रार्थना स्पॅनिशमध्ये सुरू केली. जुनी मंडळी आणि नवी मंडळी एकमेकांस मान हलवीत, त्याहून अधिक व्यवहार नव्हता. त्या रविवारी प्रार्थना सुटून हा समुदाय उत्तम कपडे घालून सभागृहामागून चालला, तो पाहतात तो फरसबंदीवर खुर्च्या ओळीने मांडल्या आहेत, मध्ये मध्ये वाजविणारे उभे आहेत, आणि पुढे एक म्हातारा काठी घेऊन वाट पाहत आहे. खुर्चीचा कायदा त्यांस कोणी सांगितला नव्हता. त्यांनी विचार केला की, एवढ्या खुर्च्या मांडून कोणी बोलाविले असता न बसणे हा मोठा अनादर. आणि मग सर्व येऊन बसले. आज्या बसल्या, सुना बसल्या, न्हावी बसला, आणि बेकरीवाली आल्ताग्रासिया पेगेरो ही पास्तेलितोंचे, म्हणजे खिमा भरून तळलेल्या पुऱ्यांचे, ताट मांडीवर घेऊन नेमकी हिरव्या-पांढऱ्या खुर्चीवर बसली.

सरनौबतांनी कूच करण्याचा हुकूम दिला. सरनौबत धरून अकरा जण चालले, चाळीस जणांनी टाळ्या वाजविल्या.

जेनीबाई बाजूने धावत आल्या, ऐसा आवेश की पाण्याची पिशवी मागे उडे, आणि आल्ताग्रासियापुढे उभ्या राहिल्या.

"ही जागा धरलेली आहे."

"हो का? कोण येतंय?"

"स्टॅश."

"कधी?"

बाजूचे ढोल थांबले, आणि बाई हळू बोलिल्या, "यायचा नाही तो. सहा वर्षं झाली."

आल्ताग्रासिया तत्काळ उठली, गळ्यातील रुमालाच्या टोकाने खुर्चीचे पट्टे पुसले, आणि क्षमा मागून पुसती जाहली, "मग ही शेजारची कोणाची, दोन्या?" वडीलधाऱ्या बाईस त्यांच्यात दोन्या म्हणतात.

"लिओ गॅव्हिनची. तो आहे जिवंत, पण साउथ कॅरोलिनात."

"जिवंत माणसाची घ्यायला मला काही वाटत नाही," ऐसे म्हणोन ती लिओ गॅव्हिनच्या खुर्चीवर बसली, आणि तेथे ठेविलेला मोठा ढोल पायाने जवळ ओढून पाहू लागली. शाळेत असता, बानी गावी, स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात तिने तीन वर्षे ऐसाच ढोल गळ्यात घेतला होता. तिने टिपरू उचलले आणि एक ठोका दिला. तो ठोका ऐसा पडला की सरनौबत रेजिस हुडाक, पाठमोरे होते, ते गर्रकन वळले. पुढे त्यांनी कबूल केले की लिओच परत आला असे वाटले, फक्त लिओ इतका वेळेवर कधी वाजवीत नसे.

मग जेनीबाई खुर्ची-खुर्चीपाशी जाऊन ही कोणाची जागा ते सांगू लागल्या, कारण कायदा तो कायदा. आणि बसलेली मंडळी उठण्याऐवजी पुढचे विचारू लागली: तो काय वाजवी, कोठे गेला, कोणाशी लग्न केले. त्या दिवशी ताट रिकामे झाले, आणि पुढच्या रविवारी तेरा जण आपापल्या खुर्चीवर पुन्हा हजर झाले.

अकरा आणि तेरा मिळून चोवीस. आठ उणे. येथे जेनीबाईंनी जी मसलत केली तिची बरोबरी जुन्या मुत्सद्द्यांस यावयाची नाही. पन्नास वर्षे पलटणीने गेलेल्यांस आमंत्रणे धाडिली होती, विनवण्या केल्या होत्या, आणि उत्तरी नाताळची कार्डे आली होती. बाईंनी आमंत्रण बंद केले. चौदा जणांस चौदा खलिते धाडिले, त्यांत एकच मजकूर: आपली जागा, रांग अमुक, क्रमांक अमुक, सध्या अमक्याच्या ताब्यात आहे, माहितीसाठी. खाली सही, आणि दुसरे अक्षर नाही.

या खलित्याने मुलखात जो गहजब जाहला तो काय वर्णावा. ज्या कसब्यात खुर्ची हलविल्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात, तेथल्या माणसास फ्लोरिडात उन्हात बसले असता कळावे की आपली जागा कोणी घेतली! युजीन साबोल, वय एकाहत्तर, रांग चौथी, क्रमांक पहिला, यांनी तो कागद वाचिला, गाडीत बायको आणि गुडघ्याचे पट्टे घातले, आणि दोन दिवस उत्तरेस दौड करून रविवारी दुपारी थेट फरसबंदीवर आले. त्यांच्या खुर्चीवर केशकर्तनकार विल्टन माटेओ बिगुल पुसत बसला होता.

युजीन गरजले, "ही माझी जागा आहे."

"केव्हापासून?"

"एकोणीसशे एकोणसत्तरपासून."

विल्टन म्हणाला, "मी जूनपासूनचा. पण मी दर रविवारी येतो."

जेनीबाईंनी न्याय केला तो ऐसा: जागा युजीनची, यात वाद नाही; विल्टनने एक खुर्ची सरकावे, आणि युजीनने आपल्याला येत असलेले सर्व त्यास शिकवावे, कारण साउथ कॅरोलिना, ॲरिझोना वगैरे मुलखांतून आणखी कोणी आले तर विल्टनास पुन्हा सरकावे लागेल, आणि सरकता सरकता तो चांगला वाजविणारा व्हावा. विल्टनने विचारिले, ही दुसरी खुर्ची कोणाची? बाई म्हणाल्या, बर्नर्ड क्विल्टीची. "मग त्यालाही कळवा," विल्टन म्हणाला. बर्नर्ड क्विल्टी गुरुवारी आले. चौदा खलित्यांस आठ असामी आले, आणि बत्तीस भरले. चौसष्टांतील निम्म्या जागा ओस पडल्या असता आठ-दहा खुर्च्यांपायी रोज भांडणे होत, आणि ती ऐकून जेनीबाई शिवणाच्या डब्याआड तोंड लपवून हसत.

पुढे जुलै आणि ऑगस्ट कवायत चालली. सरनौबतांचा हुकूम इंग्रजीत सुटे, स्पॅनिशमध्ये पोहोचे, आणि पायांत उतरेपर्यंत त्याचे नृत्य होई. सरनौबतांनी डावा-उजवा म्हटले की अर्धी फौज गुडघ्यातून चाले आणि अर्धी कमरेतून. आल्ताग्रासिया दर धुनेच्या शेवटी दोन जादा ठोके घाली. सरनौबतांनी त्या दोन ठोक्यांस बंदी केली, बंदी फळ्यावर लिहून ठेविली, आणि तिसऱ्या आठवड्यात धून संपता काठी खाली आणावयाची सोडून तेच दोन ठोक्यांची वाट पाहत उभे राहिले. मग बंदी पुसली गेली, कोणी पुसली ते दप्तरी नाही.

डगल्यांचा प्रश्न मोठा होता. डगले सन अडुसष्टचे, कमरा सन चौदाच्या. एकट्या युजीन साबोल यांस दोन्ही कुशींना चार-चार बोटांच्या पाचरी हव्या होत्या, आणि तसले काळे कापड आता मिळेना. तेव्हा जेनीबाई उठल्या, बसायच्या खुर्चीवरून मखमलीचे ठाण ओढिले, आणि कपाटाच्या अस्तरासाठी आलेली लाल मखमल कचाकच कापून तिच्या पाचरी केल्या. क्लाइडसाहेबांनी येऊन विचारिले की अस्तर कोठवर आले, तर बाईंनी दातांत टाचणी धरून सांगितले की, येतंय, मापं घेतेय.

ऐसी तयारी होऊन सप्टेंबरचा पहिला सोमवार उगवला. सकाळी दहा वाजता सभागृहामागे बत्तीस असामी तुरे लावून सिद्ध, जुन्यांच्या बगलांतून लाल मखमल डोकावते, आणि बेकरीतून फराळ आला आहे. तिसऱ्या रांगेतील सहावी जागा तेवढी बाईंच्या आज्ञेने मोकळी होती. तीत त्यांनी कोणास घातले नव्हते, आणि कोणी मागितलीही नव्हती. तेव्हा दैवाने घात केला. टेडी ब्रेनन हे एका डोमिनिकन आजीबाईंस, सन पासष्टात गुडघा किती उंच उचलीत, ते करून दाखवावयास गेले. गुडघा उंच गेला. खाली आला तो टेडींचा राहिला नव्हता. त्यांस खुर्चीवर बसविले, बर्फ लाविले, आणि मोजणी केली तो एकतीस.

कूच करण्यास अर्धी घटका. क्लाइडसाहेब चौकातील मंचावर कधीच जाऊन बसले होते. फौजेचा रंग उडाला. सरनौबतांनी विचारिले की पदपथावरचे कोणीही ओढून रांगेत घालावे काय, आणि विचारता विचारता त्यांची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. सर्वांचीच गेली. जेनीबाई पाण्याची पिशवी घट्ट धरून उभ्या राहिल्या.

तेव्हा आल्ताग्रासिया ढोलासकट त्यांच्यापाशी आली. "दोन्या, एक विचारू? तुमच्या बर्फातल्या खुर्चीचं आता आम्हालाही कळलंय. ती खुर्ची कशाला ठेवतात? घरचं कोणीतरी परत येऊन गाडी लावणार, म्हणूनच ना?"

"हो."

"मग तुम्ही घरच्याच की."

बाईंनी पिशवी रेजिसच्या हाती दिली आणि त्या चालू पडल्या. चालल्या म्हणावे तर वय चौऱ्याहत्तर, धावल्या म्हणावे तर कोणी विश्वास धरणार नाही. परंतु तीन घरे पलीकडचे आपले दार त्यांनी गाठिले आणि फौजेने वाट पाहिली. परत आल्या तेव्हा अंगात मुलगी असतानाचा डगला होता, जो त्यांनी कोणाच्या नकळत कधीतरी उसवून मोठा करून ठेविला होता, आणि काखेत दिवा होता. झालरीची टोपी त्यांनी कुंपणावर अडकविली, बल्ब फिरवून काढिला आणि टेडींच्या हाती दिला. शिवणाच्या डब्यात, सुया आणि गुंड्यांखाली, सहा वर्षे एक मुखनळी होती. ती काढून बिगुलास बसविली. नळ्यांभोवतीची तार मात्र निघेना. ती तशीच राहिली, आणि टोकाचा प्लग खाली लोंबू लागला.

सरनौबतांनी बिगुलाकडे बोट रोखिले. "जेनी, तू तर एकोणीस म्हणाली होतीस."

"लिहून घे वीस."

मग बाईंनी हिरवी-पांढरी खुर्ची स्वतःच्या हाताने मिटली, भिंतीस टेकवून ठेविली, आणि तिसऱ्या रांगेत, पाचव्या आणि सातव्याच्या मधोमध, जाऊन उभ्या राहिल्या.

काठी वर गेली आणि फौजेने कूच केले. आघाडीस जरीपटका, मागे बत्तीस असामी चौसष्टांच्या नकाशावर, दोघांत खोलीभर अंतर, ऐसे पसरून चालले की मुख्य रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्यांनीच व्यापिला. कोणी भोंगा वाजविला नाही. पदपथावर लोक खुर्च्यांवरून उठले, म्हाताऱ्यांनी रिकाम्या जागा ओळखून त्या त्या माणसाचे नाव मोठ्याने घेतले, आणि एका घराच्या ओट्यावरून कोणी ओरडले की ती शेवटच्या रांगेतली सातवी माझ्या भावाची, तिच्यात पुढच्या वर्षी मी येतो. आल्ताग्रासियाचे दोन ठोके पडले की डोमिनिकन आज्या टाळी देत, तिसऱ्या चौकापासून पोलिश आज्याही देऊ लागल्या.

मंचावर क्लाइडसाहेब बिंगोच्या सोंगट्या घेऊन बसले होते. असामी समोरून गेला की एक सोंगटी कपात टाकावी, ऐसी मोजणी. कप टकटक वाजत गेला. तिसरी रांग मंचासमोर आली, त्या वेळी धुनेत ती जागा आली जेथे सारे बिगुल थांबतात आणि एकटा खर्ज लांबवर राहतो. ती जागा सहा वर्षे मुकी जात असे. बाईंस त्या बिगुलावर तीनच सूर येत होते, परंतु त्यांतला एक तो होता. त्यांनी डोळे मिटले आणि तो धरिला. आरंभी जरा फाटला, मग जमला, आणि लांबला इतका की सरनौबतांनी काठी हवेत थांबविली. प्लग मात्र पावलागणिक डगल्यावर टकटक आपटत होता.

साहेबांच्या बोटांत सोंगटी होती ती तशीच राहिली. शाळेत असता ते आणि स्टॅश एका बाकावर बसले होते. मग त्यांनी टोपी काढिली, ती सोंगटी कपात टाकिली, आणि मागच्या रांगाही पुऱ्या मोजिल्या, कारण मनुष्य हिशेबी. मोजून झाल्यावर कप पालथा करून पुन्हा मोजिला. मग उभे राहून निकाल दिला.

"बत्तीस," ते म्हणाले. "आणि एक प्लग."

येणेप्रमाणे मिती सप्टेंबर शुद्ध सोमवार, दोन प्रहरी, फत्ते जाहली. जरीपटका बाहेर राहिला. फ्रीझर तळघरात जिन्याखाली बसविला, आणि तेथे तो उत्तम चालतो. काचेच्या कपाटात आता बिंगोची बक्षिसे ठेवितात, बिनअस्तराची. पुढील मे महिन्यात फौजेची मोजणी एक्कावन्न भरली, आणि उरलेल्या तेरा जागांवर खुर्च्या मांडण्याचा रिवाज चालू आहे. कोणी रविवारी दुपारी चुकून बसल्यास त्यास उठवू नये, असा कायदा नव्याने केला आहे.

एक गोष्ट राहिली. स्टॅशचा बिगुल पलटणीत रुजू झाल्यावर बाईंची खिडकी काळोखी राहू लागली, हे बेकरीतून दिसे. डोमिनिकन मंडळींनी आपसांत मसलत केली. या कसब्याची चाल त्यांनी तीन महिने पाहिली होती, आणि त्यांची खात्री जाहली होती की येथे दिवा करावयाचा तर वाद्याचाच करितात, दुसऱ्या कशाचा केल्यास शोभत नाही. मग विल्टनच्या आजोबांची, बानीहून आलेली, एका बाजूचे कातडे फुटलेली तांबोरा, म्हणजे आडवी धरून वाजवायची ढोलकी, ती उभी करून, आतून तार ओवून, वर आल्ताग्रासियाने झालरीची टोपी बसवून, सर्व मंडळी वाजत गाजत बाईंच्या दारी गेली आणि दिवा खिडकीत ठेवून आली. तो लावला असता कातड्यातून उजेड लाल पडतो, आणि शेजारून कोणी जोरात चालले तर जरासा वाजतोही.

दप्तरी नोंद ऐसी की, मोहिमेसाठी घेतलेल्या त्रेपन्न खुर्च्यांपैकी बावन्न सभागृहास पोहोचल्या. त्रेपन्नावी त्या दिव्याखाली आहे. तिच्यावर आता जेनीबाई स्वतः बसतात.